कागद ही सापडलेली वस्तू : जिव्या सोमा म्हसे यांची चित्ररचना आणि 'प्रयोग' या संज्ञेची व्याप्ती

१

मराठी कलासमीक्षेत व साहित्यसमीक्षेत 'प्रयोग' ही संज्ञा ज्या सहजतेने वापरली जाते, त्या सहजतेने तिची व्याप्ती मात्र तपासली जात नाही. चित्रकलेपुरते बोलावयाचे तर पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचे छापील चित्र असलेले मेणकापड चित्रफलकावर चिकटवले, हा प्रयोग होय, याविषयी दुमत नाही. १९६३ साली दिल्लीत भरलेल्या 'ग्रुप १८९०' च्या प्रदर्शनात हिम्मत शाह यांनी जाळलेल्या कागदाच्या रचना मांडल्या, त्यांचीही नोंद प्रयोग म्हणूनच होते. या दोन्ही ठिकाणी चित्रकाराने रूढ साधनसामग्री बाजूस सारून रोजच्या वापरातील, टाकाऊ अथवा नासलेली वस्तू चित्रात आणली आणि चित्र म्हणजे काय, या प्रश्नाला नव्याने तोंड फोडले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

याउलट डहाणू तालुक्यातील एखादा आदिवासी चित्रकार कागद शेणाने सारवतो, त्यावर गेरूचा हात फिरवतो, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चित्र काढतो, तेव्हा त्याच्या कृतीची नोंद 'परंपरा' या सदराखाली होते. सामग्रीची निवड, तिच्यावर केलेले संस्कार, पृष्ठभागाचा विचार हे सारे दोन्हीकडे असूनही एकाला प्रयोगशीलतेचे श्रेय मिळते व दुसऱ्याला परंपरा टिकवल्याचे. हा भेद कलाकृतींमध्ये आहे की समीक्षेच्या परिभाषेत, हा प्रश्न जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांच्या संदर्भात विचारणे विशेष फलदायी ठरते. कारण ज्याला 'वारली चित्रकला' म्हणून आज सर्वत्र ओळखले जाते, तिचे कागदावरील रूप मुळात एका प्रयोगातून सिद्ध झालेले आहे, आणि त्या प्रयोगातील सर्वांत अपरिचित सामग्री शेण वा गेरू नसून कागद ही आहे.

२

वारली समाजातील मूळ चित्राचा प्रकार म्हणजे लग्नप्रसंगी भिंतीवर काढला जाणारा चौक. झोपडीतील आतल्या अंधाऱ्या खोलीची कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने हा चौक काढला जातो. तो सवाशिणींनी काढावयाचा असतो. चौकटीच्या आत पालघाट देवीची आकृती, चौकटीच्या कडांना नक्षीची एकापाठोपाठ एक अशी वेलबुट्टी, भोवती सूर्य, चंद्र, झाड, फणी, शिडी, घोड्यावरील वधूवर असा त्याचा आशय असतो. लग्नविधीतील धवलेरीची गाणी आणि हा चौक एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. लग्न लागले की चौकाचे प्रयोजन संपते. पुढे तो धुराने काळवंडतो, पोपडे होऊन गळतो, पुन्हा सारवणाखाली जातो. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

के. जे. सावे यांच्या १९४५ सालच्या ग्रंथामुळे या समाजाची ओळख इंग्रजी वाचकांस झाली होती. परंतु चौकाकडे चित्र म्हणून पाहण्याची दृष्टी त्यानंतर बऱ्याच काळाने आली. ती आणण्यात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा वाटा मोठा आहे. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हस्तकला व हातमाग क्षेत्रातील शासकीय संस्थांत त्या काळी अनेक आधुनिक चित्रकार काम करीत होते. प्रभाकर बरवे १९६१ पासून वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते, ही गोष्टही येथे आठवावी. १९६० च्या दशकात बिहारमधील दुष्काळाच्या काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद पुरवून त्यांच्या भित्तिचित्रांना नवा आधार देण्याच्या उपक्रमात कुलकर्णी यांचा सहभाग होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते डहाणूजवळील गंजाड परिसरात आले व तेथेही त्यांनी कागद दिला. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती तो कागद पडला.

पुढील तपशील सर्वज्ञात आहेत. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रे मांडली गेली. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार व २०११ साली पद्मश्री त्यांना मिळाली. म्हसे यांचे बालपण अनाथ अवस्थेत गेले, आईच्या मृत्यूनंतर त्यांनी दीर्घकाळ बोलणे सोडले होते व धुळीत चित्रे काढून ते आपले मनोगत सांगत, अशी कथा त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. ती खरी मानण्यास हरकत नाही. मात्र तिचा उपयोग ज्या रीतीने केला जातो, त्याविषयी सावध राहावयास हवे. चित्र हे मुक्या माणसाचे बोलणे, असे एकदा म्हटले की चित्रातील निर्णयांची चिकित्सा करण्याची गरज उरत नाही. ज्याने चार दशकांहून अधिक काळ एका पृष्ठभागाशी रोज झटापट केली, त्याच्या कामाचे स्पष्टीकरण बालपणीच्या आघातात शोधणे हे समीक्षेच्या दृष्टीने काम टाळणे होय.

३

'सापडलेली वस्तू' ही कल्पना पाश्चात्त्य कलाविचारात एका विशिष्ट कृतीशी जोडलेली आहे. मार्सेल द्युशाँने १९१७ साली मुतारीचे भांडे प्रदर्शनासाठी पाठवले, तेव्हा त्याने वस्तूला तिच्या वापरापासून तोडले. वस्तू तीच राहिली, परंतु तिचे काम संपले. चिकटचित्रातील वृत्तपत्राचा तुकडा याहून थोडा निराळा असतो. तो वाचता येतो, त्यावरील अक्षरे बाहेरच्या जगाची आठवण देत राहतात. तरीही तोही घरातील परिचित वस्तूच असतो. पॅरिसमधील चित्रकाराला वृत्तपत्र रोज सकाळी हाताशी मिळते.

लेव्ही-स्ट्राउसने १९६२ साली 'रानटी' म्हणविल्या जाणाऱ्या विचारपद्धतीचे वर्णन करताना, हाताशी असेल त्या साधनांनी काम भागवणाऱ्या कारागिराची प्रतिमा योजली आणि तिच्यासमोर, आधी आराखडा करून मग साधने जमवणारा अभियंता उभा केला. मराठीतील संरचनावादी चर्चेतही ही प्रतिमा बरीच फिरली. वारली चित्रकाराला या कारागिराच्या जागी बसवणे सोपे आहे. शेण गोठ्यातले, गेरू डोंगराचा, पीठ घरच्या भाताचे, काडी कुंपणाच्या बांबूची; सारे हाताशी असलेले. परंतु या यादीत कागद बसत नाही. म्हसे यांच्या घरी कागद हाताशी नव्हता. तो बाहेरून आला, कोणीतरी आणून दिला. म्हणजे 'सापडलेली वस्तू' ही संज्ञा येथे लागू करावयाची तर ती कागदाला लावावी लागेल. मुंबई वा पॅरिसच्या चित्रकाराला कागद हा गृहीत पृष्ठभाग असतो व शेण ही धक्का देणारी सामग्री ठरते. म्हसे यांच्या बाबतीत हे नाते नेमके उलटे आहे. शेण हा गृहीत पृष्ठभाग, कागद ही परकी वस्तू. कागदाला शेणाने सारवणे ही त्या परक्या वस्तूला घराच्या भिंतीत सामावून घेण्याची कृती आहे.

कागदाचे हे परकेपण केवळ भौतिक नव्हते. वारली समाजाच्या इतिहासात कागदाला एक निश्चित सामाजिक अर्थ होता आणि तो भयाचा होता. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथाच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. जमीनदार व सावकार यांच्या वह्या, जंगल खात्याचे कायदे, कोर्टाचे हुकूम, निरक्षर माणसाचा अंगठा उमटवून घेतलेले दस्त यांच्या आधारे या समाजाची जमीन गेली आणि माणूस वेठीला लागला. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाने वेठ व लग्नगडी या दोन प्रथांवर आघात केला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज काढून त्याच्या फेडीपोटी जमीनदाराकडे राबणारा गडी.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी, जिच्याकडे वारली चित्रांच्या रसिक विवेचनात क्वचितच लक्ष जाते. चौक हे लग्नाचे चित्र आहे आणि लग्नगडीची गुलामीही लग्नातूनच जन्मत होती. एकाच लग्नाची नोंद दोन पृष्ठभागांवर होत असे. घरातील भिंतीवर सवाशिणी चौक काढीत. जमीनदाराच्या वहीत त्याच लग्नाचे कर्ज मांडले जाई. भिंतीवरची नोंद काही काळात गळून जाई, वहीतली नोंद आयुष्यभर टिके. संस्कृतात आणि जुन्या मराठीत चित्र 'लिहिले' जाते, हे ध्यानी घेतले तर असे म्हणता येईल की या समाजाचे स्वतःचे लेखन नाशिवंत पृष्ठभागावर होते आणि त्याच्याविषयीचे इतरांचे लेखन टिकाऊ पृष्ठभागावर. म्हसे यांनी कागद हाती घेतला तेव्हा टिकाऊ पृष्ठभाग प्रथमच या बाजूला आला. त्यांनी तो राजकीय विधान म्हणून घेतला, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु सामग्रीचा अर्थ कर्त्याच्या हेतूत मावतोच असे नाही. कागद आपला इतिहास बरोबर घेऊन येतो.

४

सामग्रीच्या या इतिहासाचा सौंदर्यविचारात काय हिशेब लावावयाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. खानदेशातील फैजपूर येथे जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये जी लयमीमांसा मांडली, तिच्यानुसार कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांतील संवाद, विरोध व समतोल या संबंधांत असते. घटकांचे लौकिक मूल्य सौंदर्याच्या दृष्टीने गौण ठरते. ही भूमिका कठोरपणे लावली तर शेण की तैलरंग, भिंत की कागद, हे प्रश्न केवळ तांत्रिक ठरतील. तपकिरी पृष्ठभाग व पांढरी रेषा यांच्यातील विरोध तेवढा शिल्लक राहील. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेची संकल्पना लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते आणि कोणताही एक ध्रुव सोडून तिचे स्वरूप सांगता येत नाही, असे प्रतिपादन केले. म्हसे यांच्या चित्रांसाठी पाटणकरांची चौकट अधिक उपयोगी आहे. मात्र मर्ढेकरांना सोडून देऊनही चालणार नाही, कारण कागदावर येताना जे बदलले ते प्रथम रचनेच्या पातळीवरच दिसते.

भिंतीवरील चौकाला स्वतःची चौकट असते. ती चित्रातच काढलेली असते व तिच्या आत देवी असते. तिच्यापलीकडची भिंत कोठे संपते याला महत्त्व नसते. कागद मात्र आधीच चार कडांनी कापलेला असतो. म्हसे यांच्या कागदावरील चित्रांत अनेकदा चौकाची ही आतली चौकट आणि मधली देवी दोन्ही नाहीशी होतात आणि कागदाच्या कडा त्यांची जागा घेतात. केंद्र गेल्यामुळे दृष्टीला विसावण्याचे ठिकाण राहत नाही. शेत, पाडा, झाड, ओढा, माणसे व जनावरे साऱ्या पृष्ठभागावर सारख्या दाटीने पसरतात. वर-खाली, जवळ-दूर असा उतरता क्रम नसतो. एक माणूस वरून पाहिलेला, शेजारचे झाड समोरून पाहिलेले. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची मानवाकृती ही वारली चित्राची खूण म्हणून आता सर्वांना पाठ झाली आहे. परंतु म्हसे यांच्या हातात त्या दोन त्रिकोणांच्या सांध्याला विशेष काम मिळते. तो सांधा किंचित कलला की माणूस धावतो, ओझे उचलतो, वाकून लावणी करतो. एकाच आकृतीच्या शेकडो आवृत्त्यांत एकही आवृत्ती हुबेहूब नसते. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर संवाद आकृतीच्या साम्यातून आणि विरोध सांध्याच्या कलातून निर्माण होतो.

तारपा नाचाच्या चित्रांत नर्तकांची साखळी वळत वळत आत जाते. तारपा वाजवणारा केंद्रात असतो. केंद्र पुन्हा येथे आले खरे, परंतु ते देवीचे स्थान नसून गतीचा आस आहे. मासे धरण्याच्या जाळ्याची चित्रे याहून धीट आहेत. बारीक रेषांच्या असंख्य घरांनी कागदाचा बहुतांश भाग व्यापला जातो. जाळे हा चित्राचा विषय आहे की चित्राचा पृष्ठभागच जाळे झाला आहे, हे सांगता येत नाही. जाळे एका दृष्टीने लौकिक वस्तू आहे. त्याची घरे कशी विणली जातात, ते पाण्यात कसे फुगते हे जाणणाऱ्या माणसाने ते काढले आहे. दुसऱ्या दृष्टीने ती रेषांची थरथर आहे आणि तिला बाहेरच्या कशाचाही आधार लागत नाही. पाटणकरांच्या दोन ध्रुवांमधील ये-जा येथे एकाच रेषेत घडते. वारुळाच्या व मुंग्यांच्या चित्रांविषयीही हेच म्हणता येईल. तेथे ठिपका हा मुंगीही असतो आणि ठिपकाही.

पांढऱ्या रंगाचा विचारही याच अंगाने करावयास हवा. भिंतीवर तो तांदळाच्या पिठाचा असतो, म्हणजे तो अन्न असतो. कणसरी ही धान्यदेवता मानणाऱ्या समाजात धान्याने काढलेले चित्र हे धान्याचे प्रतीक नसते. ते प्रत्यक्ष धान्यच असते. कागदावर पीठ गळते, किडीला बळी पडते. म्हणून पुढे अनेक चित्रकारांनी बाजारातील पांढरा रंग जवळ केला. येथे सामग्रीचा लौकिक अर्थ एक पायरी मागे सरला आणि रेषेचा टिकाऊपणा एक पायरी पुढे आला. हा तोटा की फायदा, हे एका वाक्यात सांगणे शक्य नाही. परंतु तो निर्णय आहे आणि निर्णय म्हणूनच त्याची चिकित्सा व्हावी.

या संदर्भात वॉल्टर बेन्यामिनच्या सुप्रसिद्ध निबंधातील पूजामूल्य व प्रदर्शनमूल्य ही जोडी आठवणे स्वाभाविक आहे. विधीसाठी घडवलेली वस्तू विधीपासून सुटली की तिचे पूजामूल्य ओसरते, प्रदर्शनमूल्य वाढते, आणि यांत्रिक पुनरुत्पादनाने मूळ कृतीभोवतीचे वलय नष्ट होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. वारली चित्रांना तो अर्धाच लागू पडतो. अंधाऱ्या खोलीतील चौक कलादालनाच्या दिव्याखाली आला, हे पहिल्या अर्ध्याशी जुळते. परंतु चौकाला 'मूळ कृती' कधी नव्हतीच. प्रत्येक लग्नाचा चौक हा आधीच्या सर्व चौकांची पुनरावृत्ती असे आणि नाहीसा होत असे. एकमेव, स्थलकालबद्ध, एका हाताची अशी मूळ कृती या परंपरेत प्रथम कागदामुळे निर्माण झाली. म्हणजे युरोपात वलयाच्या नाशाची जी प्रक्रिया बेन्यामिनला दिसली, तिच्या उलट क्रमाने येथे वलयाचा जन्म झाला. आणि लगोलग कपबशा, पिशव्या, ओढण्या यांवरील छपाईने त्या वलयावर आघातही सुरू झाला. दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या आयुष्यात घडल्या.

५

नाशिवंत अभिव्यक्ती कागदावर येणे, तिला कर्त्याचे नाव मिळणे आणि त्यासाठी मध्यस्थाची गरज पडणे ही प्रक्रिया खानदेशातील साहित्याभ्यासकाला अनोळखी नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण त्याच्यासमोर आहे. असोद्याच्या या निरक्षर शेतकरी स्त्रीने घरोट्यावर, शेतात, चुलीपुढे रचलेल्या ओव्या तिचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून घेतल्या. तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. टिपून घेणारे हात नसते तर ही कविता चौकाप्रमाणेच नाहीशी झाली असती, आणि खानदेशातील घराघरांत अशा किती कविता नाहीशा झाल्या याची गणती नाही.

या दोन उदाहरणांतील साम्य उघड आहे. भेद अधिक बोधप्रद आहे. चौक हे स्त्रियांचे क्षेत्र होते. कागदावर नावासह जो चित्रकार ठळकपणे पुढे आला तो पुरुष होता. जात्यावरील ओवी हेही स्त्रियांचे क्षेत्र. तेथे नाव स्त्रीचे राहिले, परंतु कागदापर्यंतचा प्रवास पुरुषांच्या हातून झाला. टिकाऊ पृष्ठभागावर प्रवेश मिळण्याच्या क्षणी स्त्रीच्या हाताचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो. म्हसे यांच्या चित्रांचे मूल्य त्यामुळे उणावत नाही. मात्र ज्या सवाशिणींच्या हातांनी या रेषेची घडण पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांचा उल्लेख 'अनाम परंपरा' अशा दोन शब्दांत उरकणे न्याय्य नाही. विधीच्या बंधनातून चित्र मोकळे झाले, असे म्हणताना ते कोणासाठी मोकळे झाले, हेही विचारावे लागते. विधीने ज्यांना चित्राचा अधिकार दिला होता, त्यांचा तो एकाधिकार कागदावर राहिला नाही.

दुसरे असे की बहिणाबाईंच्या संदर्भात समीक्षेने जी चूक आरंभी केली, तीच वारली चित्रांच्या संदर्भात चालू आहे. बहिणाबाईंची कविता म्हणजे उत्स्फूर्त, निसर्गदत्त, झऱ्यासारखी, अशी विशेषणे दीर्घकाळ वापरली गेली. त्यामुळे त्या कवितेतील शब्दांची निवड, बोलीतील क्रियापदांचा नेमका वापर, ओवीच्या चरणात प्रश्न व उत्तर बसवण्याची युक्ती ही कारागिरी म्हणून पाहिलीच गेली नाही. 'निसर्गदत्त' या विशेषणाने कर्त्याचा गौरव होतो असे वाटते. वस्तुतः त्याच्याकडून निर्णयाचे श्रेय काढून घेतले जाते. 'आदिम', 'निरागस', 'मातीतली' ही वारली चित्रांची विशेषणे याच जातीची आहेत.

कागदाच्या परकेपणाविषयी वर जे म्हटले, त्यालाही खानदेशात एक वेगळी बाजू आहे. पारोळ्याहून जवळच असलेले एरंडोल एके काळी हातकागदाच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होते. जाड्याभरड्या देशी कागदाचा हा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभीही तेथे थोडाफार तग धरून होता, याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. देशी हातकागद चिंध्या, तागाची जुनी पोती, झिजलेले दोरखंड यांच्या लगद्यातून सिद्ध होत असे. म्हणजे ज्या कागदावर सावकाराची वही लिहिली जाई, तो कागद स्वतःच टाकाऊ वस्तूंचा बनलेला असे. आणि याच भागातील घरांत स्त्रिया रद्दी कागद भिजवून, त्यात मेथीचे पीठ कालवून, पालथ्या भांड्यावर तो लगदा थापून टोपल्या करीत आल्या आहेत. वही, वर्तमानपत्र, शाळेची पाठ्यपुस्तके यांवरील अक्षरे त्या लगद्यात मोडून जातात आणि धान्य ठेवण्याचे भांडे तयार होते. पारोळा, अमळनेर, एरंडोल या पट्ट्यातील वाचकाला कागद व सापडलेल्या वस्तू यांच्या प्रयोगासाठी पॅरिसकडे पाहण्याची गरज नाही. माजघरातील फळीकडे पाहिले तरी पुरेसे आहे. या टोपल्यांना कलाकृती म्हणावे, असा आग्रह येथे नाही. परंतु कागद लिहिण्यासाठीच असतो या समजुतीला त्या जे उत्तर देतात, ते समीक्षेने ऐकण्याजोगे आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कागद हा बाहेरच्या मध्यस्थाने दिला, तर प्रयोगाचे श्रेय म्हसे यांना न देता भास्कर कुलकर्णी यांना द्यावयास हवे. याचे उत्तर असे की सामग्री पुरवणे आणि तिचा प्रश्न सोडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कुलकर्णी यांची दृष्टी व तळमळ यांविषयी शंका नाही. परंतु कागदाच्या चार कडांचे काय करावयाचे, मधली देवी काढल्यावर रिकामी झालेली जागा कशाने धरून ठेवावयाची, जाळ्याची रेषा कोठे थांबवावयाची, हे प्रश्न कागदासोबत आले आणि त्यांची उत्तरे देणारा हात एकच होता. तोच कागद इतर अनेकांनाही मिळाला. म्हसे यांचे जाळे इतर कोणी काढले नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. कागदावर आल्यामुळेच हे चित्र विकाऊ झाले व त्याची खूण साचेबद्ध झाली, हे खरे आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. समाजाच्या सामूहिक हक्काचे काही संरक्षण तिने होते, हे स्वागतार्ह होय. परंतु कायद्याच्या भाषेत 'वारली चित्र' हा एक प्रकार ठरतो, आणि प्रकाराला कर्ता नसतो. समूहाचा हक्क मान्य करताना एकेका चित्रकाराचे वेगळेपण पुसले जाऊ नये, याची काळजी कायदा घेऊ शकणार नाही. ती समीक्षेनेच घ्यावयाची आहे. यशोधरा दालमिया यांचा १९८८ सालचा वारली चित्रांवरील ग्रंथ विधी व चित्र यांच्या संबंधाचा पाया घालून गेला आहे. त्यापुढचे काम, म्हणजे म्हसे यांचे चित्र आणि त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांचे चित्र यांत रेषेच्या पातळीवर काय भेद आहे, एकाच चित्रकाराच्या आरंभीच्या व उत्तरकाळातील कागदांत काय बदलले, अशा स्वरूपाचे आहे. मराठीत ते फारसे झालेले नाही.

२००३ सालच्या ड्युसेलडॉर्फ येथील प्रदर्शनाचा विचार या ठिकाणी निर्णायक ठरतो. रिचर्ड लाँग हे चालणे, दगड मांडणे, नदीचा गाळ हाताने भिंतीवर फासणे अशा कृतींतून कलाकृती घडवणारे कलावंत म्हणून जगभर मान्यता पावलेले आहेत. मातीने माखलेली त्यांची भिंत आणि शेणाने सारवलेला म्हसे यांचा पृष्ठभाग शेजारी शेजारी आले, तेव्हा सामग्रीच्या आधारे एकाला प्रयोग व दुसऱ्याला परंपरा म्हणणे अवघड झाले. एक कलावंत कलादालनाची पांढरी भिंत मातीकडे नेतो. दुसरा घरची मातीची भिंत कागदाकडे आणतो. दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांनी येतात आणि पृष्ठभाग म्हणजे काय, या एकाच प्रश्नापाशी पोहोचतात. असे असताना लाँग यांच्या प्रवासाला विचार म्हणावयाचे व म्हसे यांच्या प्रवासाला वारसा म्हणावयाचे, याला कलाकृतींत आधार सापडत नाही.

यातून 'प्रयोग' या संज्ञेची फेरमांडणी करावी लागते. प्रयोग म्हणजे रूढीचा त्याग, ही व्याख्या ज्यांच्यापाशी त्यागण्यासाठी कलाशाळेने दिलेली रूढी आहे, त्यांच्यापुरती ठीक आहे. ज्याच्यापाशी कागदच नव्हता, त्याच्या बाबतीत प्रयोगाची खूण वेगळी असणार. एखादी परकी सामग्री स्वीकारताना आपल्या रचनेच्या कोणत्या गोष्टी सोडल्या, कोणत्या राखल्या आणि त्या सोडण्या-राखण्यातून पूर्वी नसलेली कोणती रचना उभी राहिली, हे तपासणे म्हणजे प्रयोग ओळखणे. ही कसोटी लावली तर म्हसे यांचे जाळे, हिम्मत शाह यांचा जळका कागद आणि बहिणाबाईंची छापील ओवी यांचा विचार एका परिभाषेत करता येतो, आणि तरीही त्यांच्यातील सामाजिक अंतर झाकले जात नाही. निरक्षर माणसाचा अंगठा ज्यावर उमटवून घेतला जात होता, त्याच कागदावर त्याच समाजातील एका माणसाने बांबूच्या काडीने आपले शेत, आपला नाच आणि आपले जाळे लिहिले. या घटनेचे वर्णन करण्यास 'परंपरा' हा शब्द अपुरा पडतो.